नाकआजोबांची तपासणी

गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं नाकआजोबा. ते लॅबमध्ये नमुने घ्यायचे, आणि करोनाच्या दिवसांत त्यांची काडी शिरली नाही असं नाक गल्लीत उरलं नव्हतं. ते नुसते भाजी आणायला निघाले तरी पोरं नाकावर हात ठेवून धूम ठोकत. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. उलट "माझ्यासारखा हलका हात दुसऱ्याचा नाही," अशी फुशारकी ते जेवताना मारत. त्यांची युक्तीही ठरलेली. "वर बघ, छताला पाल आहे. फक्त गुदगुल्या होतील हं." पाल अर्थातच नसे, आणि गुदगुल्याही नसत.

मग ताप त्यांच्याच घरात शिरला. चार वर्षांची नात फणफणली, तिच्या नुकत्याच जन्मलेल्या भावाचं नाक चोंदलं. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर ते आजोबा कसले. दोघांचेही नमुने त्यांनीच घेतले. बाळाने झोपेतच त्यांच्या चष्म्यावर शिंकून हिशेब मिटवला. नातीने मात्र तो मनात ठेवला.

दोघंही पॉझिटिव्ह निघाली आणि मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाळावर बारीक लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते, त्यामुळे त्याने जांभई दिली तरी सगळं घर पाळण्याभोवती गोळा होई. पण पोरं लवकरच ठणठणीत झाली. बाळ पोटभर दूध पिऊ लागलं, नात गादीवर उड्या मारू लागली. फक्त आजोबा खोलीत आले की ती पांघरुणात शिरे. गोष्ट नको, खाऊ नको, घोडा घोडाही नको. आजोबा पार हिरमुसले. जेवताना फुशारकी बंद झाली.

शेवटी ते तिच्यापुढे जमिनीवर बसले.

"तू माझी तपासणी कर. मग फिट्टंफाट."

पांघरुणातून आधी एक डोळा बाहेर आला, मग अख्खी नात. ती कान पुसायची कापसाची काडी घेऊन आली.

"वर बघा आजोबा, छताला पाल आहे."

शेकडो पोरांना हीच थाप मारलेल्या माणसाने खरोखर वर पाहिलं.

"फक्त गुदगुल्या होतील हं," नात म्हणाली.

काडी जेमतेम नाकाला टेकली असेल, पण आजोबा असे ओरडले की पलीकडच्या खोलीत बाळ जागं झालं आणि त्यांची लेक, पोरांची आई, धावत आली.

"झालं झालं, शहाणं माझं बाळ." नातीने त्यांचा गाल थोपटला. मग काडी उजेडात धरून निरखली आणि चेहरा गंभीर केला. "पॉझिटिव्ह. आता कामावर जायचं नाही. माझ्याच खोलीत राहायचं."

आजोबांनी निकालावर हरकत घेतली नाही. ते गुपचूप उठले आणि आपली उशी घेऊन आले.