ताईच्या कंपनीचा फोन

गल्लीने तिचं नाव रेंजताई पाडलं होतं. बावीस वर्षं ती मोबाइलच्या दुकानात काउंटरला उभी. तिच्या कंपनीच्या फोनला चिप, म्हणजे सिमकार्ड, नसायची. नंबर फोनच्या पोटातच भरलेला. समोरच्या दुकानात चिपवाले फोन. जगभर या दोन पद्धतींची चढाओढ चाललेली, काही देश इकडे, बरेचसे तिकडे, आणि एकीचा फोन दुसरीच्या टॉवरला ओळखही दाखवायचा नाही. रेंजताईला हे पक्कं ठाऊक होतं. पण जिभेला हाड नसतं आणि टार्गेटला दया नसते. ती बेधडक सांगायची, "जगात कुठेही जा, चालतो."

धाकट्या बहिणीलाही तिने तेच सांगितलं. बहीण नर्स, परदेशी नोकरीला निघालेली. तिकडचे सगळे टॉवर चिपवाल्यांचे. जाऊन तीन दिवस होतात न होतात तोच खोलीत एकटी असताना तिचा दमा उसळला. दोन दिवसांनी दार फोडलं. फोन तिच्या मुठीत होता, असं घरमालकिणीने कळवलं.

तेव्हापासून रेंजताईच्या कानात घंटी वाजते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती पर्स उघडून स्क्रीन बघते, काही नसतं. बहिणीचा नंबर लावला की गोड आवाजाची बाई सांगते, संपर्क क्षेत्राबाहेर. त्या बाईचा तिला मनापासून राग येतो. आधार एवढाच, की बहिणीला काही माहीत नव्हतं. आपण फसवलं, पण ती बिचारी भरवशावर गेली.

यंदा तिची पद्धत हरली. नेटवर्क बंद, जुने फोन जमा, आणि तिच्याच काउंटरवर चिपांचे खोके आले. समोरचा दुकानदार ते बघायला रस्ता ओलांडून आला. एवढी वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि आता दोघांकडे माल एकच, असं म्हणून तो हसला. मग त्याने आवाज खाली आणला.

"रेंजताई, एक सांगायचं राहिलंय. निघायच्या आदल्या दिवशी तुमची बहीण माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, तुझा फोन तिकडे नुसता डबा आहे. तिने माझ्याकडचा एक निवडलासुद्धा."

"मग?"

"मान वळवून इकडे बघितलं आणि परत ठेवला. म्हणाली, ताई बघतेय."

ती दुपार रेंजताईने मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती. सख्खी बहीण, आणि समोरच्याच्या दुकानात! कमरेवर हात ठेवून ती आपल्या दारात उभी राहिली होती, आणि बहीण रिकाम्या हाताने बाहेर येईपर्यंत तिने नजर काढली नव्हती. मग ती जिंकल्यासारखी हसली होती.

बहीणही हसली होती, तिला बरं वाटावं म्हणून.