नाय नव्हे, नाही
गंजक्या लोखंडाचा वास आला की वडील आठवतात. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे, आणि आमच्या बोलण्याला शाळेत सगळे हसायचे. हट्टाने भाषा सुधारून मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि चोरी करताना पकडून घरी सोडलेल्या पोरींना दर रविवारी शिकवू लागले. एकदा त्यांतली तेरा वर्षांची एक पोरगी वही मिटून म्हणाली, "ताई, मी आज घरी नाय जानार." मी म्हटलं, "नाय काय गं? नाही म्हण." ती हसली. "बरं बाई! मी आज घरी जाणार नाही." मी शाब्बास म्हणून पुढचा धडा काढला; का जाणार नाही, ते विचारलंच नाही. ती खरंच घरी गेली नाही, अजून सापडलेली नाही. माझ्याकडच्या चार पोरी यंदा दहावी पास झाल्या.