अर्धवट राहिलेला सत्कार

माझा पुढचा एक दात नकली आहे. मूळचा दात तेजाबाच्या टाकीवर काम करणाऱ्या एका माणसाने पाडला; सुरक्षा सप्ताहाच्या मांडवात, प्रमुख पाहुण्यांसमक्ष, त्याच्या अंगावर सत्काराची शाल असताना.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात स्टीलचे सुटे भाग बनत आणि तेजाबात बुडवून साफ होत. मी स्टोअरमध्ये होतो. भेळेच्या कागदापासून रसायनांच्या पिंपांवरच्या पत्रकांपर्यंत हाती लागेल ते वाचायची मला खोड. म्हणून सगळे मला 'वाचनालय' म्हणत आणि दरवर्षी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात मारत. समारंभांना मी एरवी हसायचो. माईक हातात आला की मात्र 'दीपप्रज्वलन' न लाजता म्हणायचो.

टाकीवरचा माणूस पडेगावचा, पन्नाशीचा. त्याला सगळे मामा म्हणत. धुरात काम करणाऱ्यांना कंपनी रोज गुळाचा खडा देई. गूळ खाल्ला की छातीतला धूर उतरतो, अशी मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची श्रद्धा. "मास्क लावल्यावर गूळ कुठून खायचा?" असं मामा सुरक्षा अधिकाऱ्याला विचारायचा.

त्या दुपारी पाहुणे बोलायला उभे राहिले आणि टाकीचा धूर ओढणारा मोठा पंखा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलू लागला. मॅनेजरसाहेबांनी पंख्याकडे बोट दाखवून मला खूण केली. मी मांडवामागे जाऊन बटन बंद केलं. शेजारीच टाकीच्या खोलीची खिडकी होती. मी आत पाहिलं नाही. दहा मिनिटांचाच प्रश्न होता. पाहुण्यांनी 'सुरक्षितता ही संस्कृती आहे' इथून सुरुवात केली, आणि अर्धा तास झाला तरी ते संस्कृतीतून बाहेर पडेनात.

तेव्हा खोलीच्या दारातून विटकरी धूर बाहेर आला.

टाकीत भागांची जाळी सोडलेली होती. पंखा थांबला तरी तेजाब थांबलं नव्हतं. मी दारापाशी धावलो आणि पहिल्याच श्वासाला घशात तापली सळई खुपसल्यासारखं झालं. डोळे आपोआप मिटले. मी गुडघ्यांवर पडून ओकलो. आत जाळी ओढून काढणारा मामा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. त्याला खोकला म्हणवत नाही. एखाद्याला पोत्यात घालून बडवावं तसा आवाज होता. तो भिंतींवर आपटत बाहेर आला, नाकातून रक्त गळत होतं. त्याने माझी कॉलर धरली, फरफटत नेलं आणि मला उन्हात फेकलं.

पंखा चालू झाला. डोळ्यांवर पाणी मारलं, दूध आलं, गूळ आला. पंधरा मिनिटांत खोकला थांबला.

"उतरला," मामा म्हणाला.

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. पाहुण्यांना तर भाषणासाठी जिवंत उदाहरण मिळालं. "बोलवा त्यांना वर," ते म्हणाले. मी माईक घेतला. घोगऱ्या आवाजात 'कर्तव्यदक्ष' म्हणालो, 'प्रसंगावधान' म्हणालो. मामाच्या खांद्यावर शाल पडली. पाहुण्यांनी नारळ उचलला, आणि मला स्टोअरच्या दारामागे चिकटवलेलं पत्रक आठवलं. त्या धुराचा त्रास थांबला तरी फसू नका, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं, असं त्यात होतं. गुळाचा उल्लेख नव्हता.

"मामा, दवाखान्यात चला. आत्ता."

"नारळ तर घिऊ दे."

मी शालीला धरून ओढलं. मामाने वळून असा ठोसा हाणला की त्याचा आवाज माईकने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. दात जिभेवर आला. पाहुण्यांनी नारळ ढालीसारखा छातीशी धरला. मग आम्ही चौघांनी मामाला हातपाय धरून जीपमध्ये कोंबलं. जालना रोडभर तो माझा उद्धार करत होता. "जल्मात एक डाव शाल मिळाली, ती बी ह्यानं ओढली."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने आम्हा दोघांची छाती तपासली आणि ठेवून घेतलं. पाचच्या सुमारास मामा चपला शोधू लागला. मी दारात आडवा उभा राहिलो. त्याने मला दोनदा ढकललं. तिसऱ्यांदा हात उचलला, तो तसाच राहिला.

माणूस पलंगावर कसा बुडतो, हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं. ओठ जांभळे पडले. तोंडातून गुलाबी फेस आला, थांबेना. डॉक्टरणीच्या ॲप्रनवर उडाला. मामा श्वासासाठी उशा फाडत होता, सुया उपटत होता. त्याच्या छातीवर गुडघे रोवायचेच काय ते आम्ही बाकी ठेवलं. हात पलंगाला बांधले आणि घशात नळी गेली. दिवसभरात त्याला हातपाय धरून आवरण्याची ही दुसरी वेळ.

अकरा दिवसांनी नळी निघाली. माझ्या छातीत राहिली ती एक बारीक शिट्टी. मामाची निम्मी छाती गेली.

तीन महिन्यांनी पडेगावला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. चार शब्द, मग श्वास, असं बोलायचा. मामींनी आमच्यापुढे गूळपाणी आणून ठेवलं. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगून टाकलं.

"मामा, पंखा मी बंद केला होता."

"म्हाईत हाय. खिडकीतून... दिसला की तू."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

तो हसला असावा. छातीत घरघर झाली.

"लोकांला वाटलं... नारळासाठी मारलं. तुला बी... तसंच वाटलं व्हय?"

मी नकली दातावर जीभ फिरवली. मामाने गुळाची बशी माझ्याकडे सरकवली.

"तूच खा," तो म्हणाला.