कुणाचं पोट बोललं?

महिना होत आला, तरी दुपारी जेवायची वेळ झाली की जीव घाबरा होतो. माझे यजमान मनोहरराव अशाच एका दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात वारले. "बाई, चला," एवढंच सिस्टर म्हणाली. मी नळावर बाटली भरत होते. कुणासाठी भरत होते देव जाणे, त्यांना तर पाणी बंद होतं…

महागावात त्यांचं शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मी मास्तरीण, माझी शाळा सकाळची. दुपारी दोघंही भुकेजून घरी यायचो. मी भाकरी थापायची, ते ताट घेऊन बसायचे, आणि तेवढ्यात कुणाचं तरी पोट गुरगुरायचं. "तुहं बोललं." "छट्, तुमचंच!" ज्याचं बोललं त्यानं कांदा चिरायचा, असा आमचा कायदा. भारी लबाड माणूस, स्वतःचं गुरगुरलं तरी बोट माझ्याकडं! पण भांडून झालं की मुकाट्यानं विळी ओढायचे. आमच्या घरात कांदा त्यांनीच चिरला, आयुष्यभर.

मग त्यांच्या आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन झालं, पण आतडी काही हलेनात. डॉक्टर रोज पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचे, जागा बदलून बदलून ऐकायचे. मला समजावून सांगितलं, आतडी हलू लागली की आतली हवा, पाणी सरकतं, त्याची गुडगुड ऐकू येते. त्याला ना सुई, ना कापाकाप, नुसतं ऐकायचं. ती गुडगुड आली की घोटभर पाणी सुरू करू. "आणि नाही आली तर?" मी विचारलं. ते स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून पुढच्या खाटेकडं वळले.

"पानी दे ना वं," हे म्हणायचे. मी ओला बोळा ओठांना लावायची, ते तो लहान लेकरासारखं चोखायचे. मेलं माझं नशीब! ज्या माणसाचं पोट चुलीपर्यंत ऐकू यायचं, त्याचं पोट टम्म फुगलेलं, आणि आत चिडीचूप. मीही हट्टाला पेटले. यांच्या पोटात घास जाईस्तोवर आपण अन्नाला शिवायचं नाही.

एकदा दुपारी राहवेना. पंखा बंद केला, सगळ्या वॉर्डाला हात जोडून गप्प बसवलं आणि वाकून त्यांच्या पोटाला कान लावला… गुरगुर आली! चांगली लांबलचक. "आला! आवाज आला!" मी ओरडत सुटले. बाजूच्या पेशंटची आई, तिला सगळे खाला म्हणायचे, "अल्ला, तेरा शुकर है" म्हणत रडायलाच लागली. यांनी डोळे उघडले. हात बाटलीकडं गेला.

सिस्टरनं स्टेथोस्कोपची नळी पोटाला लावली. ऐकलं, सरकवली, पुन्हा ऐकलं. मग हळूच विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्या कधी?"

मी बोटांवर दिवस मोजू लागले. हे मात्र समजले. कोरड्या ओठांनी हसले. "तुहं बोललं ना वं… जेवून घे. काहून उपाशी मरून राह्यली?"

खालानं डबा उघडून पुढं केला. त्यांच्यासमोर मी पोळी खाल्ली, ते बघत राहिले. असं जेवण वैऱ्याच्याही वाट्याला न येवो. दुसऱ्या दिवशी ते गेले.

काल शाळेतून आले, तवा ठेवला, आणि पोट गुरगुरलं. सवयीनं तोंडून निघालं, "तुमचंच!"… मी थांबले. तवा तापून धुरावला तरी थांबले. "तुहं" म्हणायला कुणी नव्हतं. मग मीच विळी ओढली आणि कांदा घेतला.