चालू रोजरीतून उठलेली रेजिना आत्या

माझी आत्या एकदा चालू रोजरीतून उठून गेली. आळीने तिला ते कधीच माफ केलं नाही.

आज सकाळी आत्या गेली. म्हणून लिहितेय.

रेजिना आत्या. पप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, वटार गावात आमच्याच घरात राहिली. केळीच्या वाडीत राबायची आणि रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायची.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा कॉलेजला होते.

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी एकेका घरी आळीची रोजरी, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची जपमाळेची प्रार्थना. त्या दिवशी आमच्याकडे होती.

आमच्या शेजारी पास्कल राहायचा. त्याची बायको एलिझा मिठागराकडच्या गावातली. एक लहान मुलगी, शर्ली.

पास्कल प्यायला की एलिझाला मारायचा. सगळ्यांना माहीत होतं. "त्यांच्या घरचं टेन्शन, आपण कशाला मध्ये पडा," असं सगळेच म्हणायचे.

रोजरीच्या पाच भागांतलं तिसरं रहस्य चालू होतं आणि शेजारून एलिझाची किंकाळी आली.

आमचा आवाज वाढला.

खरंच सांगतेय. कोणी ठरवलं नव्हतं. सगळे नुसते जोरात म्हणायला लागले. नमो मरिया, नमो मरिया.

आत्या उठली.

पप्पा म्हणाले, "रेजिना, बस. रोजरी होऊ दे."

"होईपर्यंत ती राहील का?"

ती गेली. आम्हाला दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. "पास्कल, दार उघड. मी इथून हलणार नाही." किती वेळ, काय माहीत.

मग ती एलिझाला घेऊनच आली. एका हाताला एलिझा, कडेवर शर्ली. एलिझाच्या कानातून रक्त येत होतं.

आत्याने तिला बायकांच्या मधोमध बसवलं. पोरीला माझ्याकडे दिलं. आणि म्हणाली, "म्हणा आता पुढचं."



एलिझा नाताळपर्यंत आमच्याकडे राहिली.

आत्या तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेली. "घरचा मामला आहे, मावशी. समजुतीने घ्या."
एलिझाच्या भावाकडे गेली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "आमचंच घर दोन खोल्यांचं."
फादरकडे गेली. फादरनी पास्कलला बोलावून समजावलं. तो ढसाढसा रडला. क्रूसावर हात ठेवून दारू सोडतो म्हणाला.

त्यावेळी तो खोटं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही.

मग आळीतली मोठी माणसं आली. लग्न हा संस्कार आहे, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, वगैरे.

आत्या म्हणाली, "देवाने मारायला जोडलंय काय?"

पण एलिझानेच पिशवी भरली. "आत्या, पोरीला बाप पायजे. आनि कोनाकडे किती दिवस राहू?"

आत्याने तिला दारापर्यंत सोडलं. घरात येऊन चुलीपुढे बसून राहिली. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी पास्कलच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो ड्युटीवरून येऊन जेवून झोपेपर्यंत. पावसात छत्री घेऊन. तो तोंडावर शिव्या द्यायचा. "घरफोडी" म्हणायचा. चर्चमध्ये बायका तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या.

मम्मी म्हणायची, "तू घरी बसून प्रार्थना कर ना तिच्यासाठी."

"करते ना. ओट्यावर बसूनच करते."

दोन-तीन वर्षं असंच चाललं.

मग आत्याला मलेरिया झाला. ऍडमिट करावं लागलं. शुद्धीवर आली की विचारायची, "ओट्यावर कोण बसलंय?"

आम्ही म्हणायचो, "सगळं ठीक आहे."

त्याच आठवड्यात एलिझा गेली. विहिरीजवळ पाय घसरला, डोकं आपटलं. असं पास्कलने सांगितलं. कोणी पाहिलं नव्हतं. कोणी काही ऐकलं नव्हतं.

कदाचित खरंच घसरली असेल. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

दफनाला गाव लोटलं होतं.

आत्या बरी होऊन आली तेव्हा कबरीवरची फुलं सुकली होती. ती पुन्हा पोलिसांकडे गेली. "साक्षीदार आणा," म्हणाले. ती दारोदार फिरली. लोक तिला पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे. साक्ष कोणी दिली नाही.

पास्कल घर विकून शर्लीला घेऊन निघून गेला. कोणी म्हणे कामणला गोडाऊनमध्ये कामाला लागला, कोणी म्हणे गुजरातला गेला. आत्या कामणला जाऊन गोडाऊन-गोडाऊन विचारून आली. पोरगी सापडली नाही.

मी एकदा रागाने म्हटलं, "देवाने का नाही वाचवलं गं तिला?"

"देवाला कशाला मध्ये आणतेस? आळीभर माणसं होती."

पुढे आजूबाजूला बिल्डिंगी झाल्या, नवीन लोक आले. कुठल्याही फ्लॅटमधून रडण्याचा आवाज आला की आत्या बेल वाजवायची. बहुतेक वेळा लोक दार तोंडावर आपटायचे. "आंटी, आपका क्या काम है?"

"कुछ नहीं. पानी पिलाओ," म्हणायची, आणि जिन्यात बसून राहायची.

किती जणी त्यामुळे वाचल्या? मला एकीचंही नाव सांगता येणार नाही. तिलाही आलं नसतं.

शेवटची दोन वर्षं अंथरुणात. डावी बाजू गेलेली. शेजारच्या टीव्हीवर सीरियलमधली बाई रडली तरी उठायची धडपड करायची.

"कोण रडतंय? बघून ये."

"टीव्ही आहे गं."

"तू बघून ये."

मी बाहेर जायचे. अंगणात उभी राहायचे. परत येऊन सांगायचे, "कोणी नाही, आत्या." ती माझ्याकडे बघत राहायची. विश्वास बसायचाच नाही तिचा.

काल संध्याकाळीही असंच झालं. काल बोलता येत नव्हतं, नुसती दाराकडे बोट करत होती.

आज चार वाजता दफन आहे. सगळे येतील, आत्या. तुझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करतील.

शर्ली, तू हे कुठे वाचत असशील तर एवढंच कळू दे. तुझ्या आईसाठी एक बाई शेवटपर्यंत झटली. तिचं काहीच चाललं नाही.

जा आत्या. तुला जड मनाने श्रद्धांजली.