त्रेपन्न मिनिटांचा रस्ता

काही माणसांना अक्कल देताना देव हात आखडता घेतो आणि भरपाई म्हणून ऐट शिगोशीग भरून पाठवतो. सेकंदराव त्यांतलेच. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, कारखान्याने ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर पाठीमागे त्यांची बायकोसुद्धा तेच वापरी.

कारखाना बिजागऱ्यांचा. काम करणाऱ्याच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि एका बिजागरीला किती वेळ लागायला हवा ते ठरवायचं, ही सेकंदरावांची नोकरी. स्वतः उभ्या जन्मात त्यांनी एक भोक पाडलेलं नव्हतं. पद्धत मात्र मोठी नामी. कामाचे तुकडे करायचे: पट्टी उचलणं, बसवणं, भोक पाडणं, खाली ठेवणं. उचलण्यात जी बाई चपळ तिचा वेळ घ्यायचा, भोक पाडण्यात जो गडी तरबेज त्याचा, ठेवण्यात आणखी तिसऱ्याचाच. मग बेरीज. त्या बेरजेएवढ्या वेळात ती बिजागरी पृथ्वीच्या पाठीवर कुणी कधी केलेली नसे. पण तोच आकडा भिंतीवर लागे, आणि तो न गाठणारा कामचोर ठरे.

घरी पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं शिवणाचं दुकान. गल्ली तिला काकू म्हणे. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि आसपासच्या तीन पिढ्यांची मापं तोंडपाठ. कोण महिन्यात दोन बोटं सुटलंय आणि घरी कबूल करत नाही, हे काकूंना घरच्यांच्या आधी कळे. बावीस वर्षांत हे जमवलं होतं, आणि ते टेबलासारखं उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणूनच कारखाना शहराबाहेर एकोणीस किलोमीटरवर गेला तेव्हा काकूंनी आधी दुकानाचा विचार केला. कंपनीने महिनाभरच बस दिली. पुढे ज्याने त्याने आपलं बघावं. नाहीतर कारखान्यामागच्या क्वार्टर्समध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घ्याव्यात. फॉर्म बस बंद झाल्यानंतरच्या शनिवारपर्यंत द्यायचा. आजूबाजूला माळ. शिवायला टाकायला येणार कोण, घोरपड?

"जायचं," सेकंदराव म्हणाले. "मला दारातून गेटपर्यंत चार मिनिटं लागतील."

"आणि माझं दुकान?"

"तिथेही बायका आहेतच की."

काकूंनी कात्री खाली ठेवली, ती बरीच जपून ठेवली.

काकूंचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात ड्रिलवर होता. संध्याकाळी तो चहाला आला आणि बोलून गेला, "ताई, एवढं काय त्यात? बस गेली की मी सायकलने जाणार. बघून आलोय. सव्वा तास लागतो, मध्ये फाटकापाशी जरा टेकायचं."

"सव्वा तास!" सेकंदराव असे हसले की चहा बशीत सांडला. "हे कामगारांचे आकडे. एकाला दोन सांगायची सवय. एकोणीस किलोमीटरला सव्वा तास बैलगाडीला लागतो."

"मग तुम्ही काढा की भाऊजी, खरा वेळ."

मेव्हण्याने खोडी काढली आणि सेकंदरावांनी ती अंगावर घेतली. अशा माणसाला विहिरीत उतरवायचं असेल तर धक्का द्यावा लागत नाही. तुम्हाला जमणार नाही, एवढंच म्हणायचं.

तीन रविवार ते सायकल घेऊन गेले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. रस्त्याचे त्यांनी सहा टप्पे पाडले. पहिल्या रविवारी पाठीवर वारा होता, म्हणून पुलापर्यंतचा वेळ झकास आला. दुसऱ्या रविवारी गोदामांपाशी कुत्रं मागे लागलं आणि तो टप्पा त्यांनी कधी नव्हे इतक्या लवकर पार केला. तिसऱ्या रविवारी चढावर एका ट्रॅक्टरची ट्रॉली धरून ते वर गेले. पोटऱ्यांना गोळे आल्यावर ते झाडाखाली बसत तेव्हा घड्याळ बंद करत, कारण बसणं हे काही काम नव्हे. मग प्रत्येक टप्प्याचा सगळ्यात कमी वेळ उचलून त्यांनी बेरीज मारली आणि कागद बायको-मेव्हण्यासमोर ठेवला.

"त्रेपन्न मिनिटं! क्वार्टर्सची गरजच नाही."

मेव्हणा कागद वाचता वाचता म्हणाला, "म्हणजे रोज कुत्रं यायला पाहिजे."

काकूंना तो आकडा किती पोकळ आहे हे दिसत होतं. टेपने मोजायचं आणि मग सैल सोडायचं, हे ज्याला कळत नाही त्याचा शर्ट काखेत फाटतो. पण त्यांनी तो खोडला नाही. नवऱ्याच्या मूर्खपणातून पहिल्यांदाच काही उपयोगाचं निघत होतं, आणि दुकान वाचत होतं. "हुशार हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मेव्हण्याला जोराचा ठसका लागला.

सोमवारी बस बंद झाली. गेट साडेसातला लागे. सेकंदराव सहा सदतिसाला निघाले, एक मिनिट आधी नाही. पोचले सात पंचावन्नला, शर्ट पिळून काढण्यासारखा. उशिरा येणाऱ्याने वेगळ्या रांगेत उभं राहून वहीत कारण लिहायचं, हा नियम खुद्द त्यांनीच सुचवलेला. त्यांनी लिहिलं, 'समोरून वारा.' मंगळवारी लिहिलं, 'रेल्वे फाटक.' बुधवारी पहारेकऱ्याने वही आधीच उघडून ठेवली होती.

हे सगळं संध्याकाळी मेव्हण्याकडून काकूंना मीठमसाल्यासकट कळे.

"ताई, आज ड्रिलवरच्या म्हातारीने कमाल केली. भाऊजी धापा टाकत आत आले, तर सगळ्यांदेखत म्हणते, 'साहेब, परत एकदा येऊन दाखवा हो, वेळ टिपायचा राहिला.'"

"आणि हे काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बोलायला दम कुठे होता?"

"तू किती वाजता पोचतोस?"

"सव्वासातला. सहाला निघतो, रमतगमत जातो."

शुक्रवारी सेकंदराव घरी आले ते फॉर्म घेऊनच. त्यांनी तो थेट कापायच्या टेबलावर, एका अर्धवट झग्यावर, पसरला.

"सायकल व्यवहार्य नाही. उद्या सही करून देतो. सामान आवरायला घे."

काकूंच्या हातातली सुई थांबली. "सायकलला काय झालंय? अर्धा तास लवकर निघा."

"म्हणजे सव्वा तासाचा रस्ता आहे असं मान्य करायचं?"

"असेल तेवढा मान्य करायचा."

"त्या तुझ्या भावाचा आकडा? ड्रिलवाल्याचा? उद्या सगळा कारखाना म्हणेल, याचा इथला आकडा चुकला तर भिंतीवरचेही चुकले असतील!"

काकूंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. अडचण अर्ध्या तासाच्या झोपेची नव्हती, पोटऱ्यांची नव्हती, चढाचीही नव्हती. बेरीज चुकली म्हणायला लागू नये, एवढ्यासाठी हा माणूस त्यांची बावीस वर्षं गाठोड्यात बांधायला निघाला होता. रागवावं एवढीही त्याची लायकी त्यांना वाटेना.

"भरा," त्या म्हणाल्या.

सेकंदरावांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी पेन उघडलं. नाव लिहिलं, हुद्दा जरा वाढवूनच लिहिला. मग 'राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात दोन लिहायला गेले.

"एक," काकू म्हणाल्या.

"काय एक?"

"व्यक्ती एक लिहा. मी इथेच आहे. तुम्ही राहा तिकडे, चार मिनिटांवर. डबा, धुणं, झाडलोट, सगळ्याचे टप्पे पाडा. बेरीज मला नका दाखवू."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हाला काय म्हणतात ते मला रोज कळतं."

सेकंदरावांनी मनातल्या मनात डब्याचे टप्पे पाडून पाहिले. भात नुसता शिजायला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं. पाणी किती घालायचं हे नव्हतं. काकू मशीन चालवू लागल्या आणि त्यांनी झगा ओढला, तसा फॉर्म घसरून खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

शनिवारी सहाला पाच कमी असताना सेकंदराव सायकल बाहेर काढत होते.

"एवढ्या लवकर?" काकूंनी आतूनच विचारलं.

"चाकात हवा भरायचीय."

चाकं टणटणीत होती. चढावर मेव्हणा मागून आला, तर भाऊजी सायकल हातात धरून चालत होते. तोही उतरला. "चढावर सगळेच उतरतात, भाऊजी," तो म्हणाला. सेकंदरावांनी दुसरीकडे बघत विचारलं की हे कुणाला सांगणार आहेस का. मेव्हण्याने शपथेवर नाही म्हटलं आणि दुपारच्या आत अख्ख्या ड्रिल विभागाला सांगितलं.

पण म्हणून भिंतीवरचे आकडे बदलले, असं समजू नका. असली माणसं सुधारत नसतात, नुसती लवकर निघतात. आजही कुणी विचारलं तर सेकंदराव त्रेपन्न मिनिटंच सांगतात आणि उरलेला वेळ मोकळ्या हवेसाठी काढतो म्हणतात.

काकूंनी त्याच शनिवारी दुपारी सुताराला बोलावलं आणि मशिनांच्या वरच्या भिंतीवर कापडाच्या गठ्ठ्यांसाठी लांबलचक फळी बसवायला सांगितली.

"काकू, तुम्ही तर क्वार्टर्सला जाणार होता ना?" सुताराने विचारलं.

"खिळे मोठे घ्या," काकू म्हणाल्या. "ही फळी पुन्हा काढायची नाहीये."