कॉलरचं बटण दोनदा सरकलं

कॉलरबाईने भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बँडमास्तरच्या गळ्यात हात घातले, अशी कुजबुज एकदा गल्लीभर झाली होती. समोरच्या इस्त्रीवाल्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचे डोळे कपड्यांवर कमी आणि समोरच्या दुकानात जास्त असायचे. गल्लीतले करपलेले शर्ट साक्षीला होते.

कॉलरबाई म्हणजे छप्पन्न वर्षांची शिंपीण. तिने शिवलेली कॉलर घातली की कारकूनही साहेबासारखा चाले. त्यामुळे बँडमास्तर स्पर्धेच्या कोटाची कॉलर घट्ट होते म्हणून तिसऱ्यांदा आला, तेव्हा तिच्या नाकाला मिरची झोंबली.

"हात थरथरायला लागले वाटतं बाई," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाला. आवाज महिनाभर बसला होता. बँडच्या पोरांवर ओरडून, असं तो सांगे.

आधी दोन्ही वेळा बाईने मुकाट्याने बटण सरकवून दिलं होतं. आज तिने मापांची वही काढली. "कंबर होती तेवढीच. पोट सुटलं नाही, मग मान कशी सुटली, मास्तर?"

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. तिने शटर अर्धं ओढलं आणि टेप मास्तरच्या गळ्याभोवती धरला. कंठाखाली उजवीकडे तो उचलला जात होता. तिने बोटं लावली. कडक गाठ.

"दुखतं?"

"छे."

"थुंकी गिळा बरं."

गाठ बोटांखाली वर गेली, खाली आली. बाईने वहीतल्या मागच्या दोन तारखा पाहिल्या. दोन महिने आपण बटणच सरकवत बसलो!

तेवढ्यात शटरखालून वाकून मास्तरीण आत आली. इस्त्रीवाल्याची तार पोचली होती.

"हात काढा आधी."

"काढते. आधी तुमचा लावा," म्हणत बाईने तिचाच हात ओढून गाठीवर ठेवला. भांडायला आलेल्या मास्तरणीने गाठ दोनदा चाचपली.

"स्पर्धा झाली की दाखवतो," मास्तर म्हणाला. "पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आज," मास्तरीण म्हणाली.

बाईने कोट कपाटात टाकून कुलूप लावलं. "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा आणि कोट न्या."

मग काय, वरात निघाली. मास्तर पुढे, दोन्ही बाजूंना दोन बायका, आणि इस्त्री तापत ठेवून मागे तो इस्त्रीवाला. डॉक्टर म्हणाले, अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण गाठीबरोबर आवाजही इतके दिवस बसलाय, तेव्हा अंदाजावर सोडायचं नाही. सोनोग्राफी झाली, सुईने गाठीतला नमुना काढून तपासला.

खरं काय ते एवढंच. बाईने मास्तरच्या गळ्याला हात लावला होता. तिथे थायरॉईडचा कॅन्सर होता. तो वेळेत सापडला, ऑपरेशन करून काढला. स्पर्धा हुकली. कॉलर पुन्हा जुन्या मापाची, साडेपंधरा इंचांची झाली.